भरल्या टाकीची उपाशी गाडी

मित्रांनो, जुनी गाडी म्हणतात ती मीच. दारं चार, त्यातली उघडतात तीन. मी कारखान्यातून निघाले तेव्हा पेट्रोल म्हणजे नुसतं पेट्रोल असे. माझ्या रबरी नळ्याही त्याच समजुतीने बसवलेल्या.

माझे मालक चष्मे बनवतात. त्यांची मुलगी माझ्यावरच गाडी शिकली. फाटकाचा खांब वाकला, तेव्हा दोष ब्रेकला, म्हणजे मलाच मिळाला. मी तो आनंदाने घेतला.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि वर्षभराने मालकांना माझी भलतीच काळजी वाटू लागली. झीज नको म्हणून त्यांनी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने टाकी काठोकाठ भरली, मला कापडाखाली झाकलं आणि पाच महिने हलवलं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी टाकीच्या तळाशी बसलं, नळ्या फुगल्या.

मग मुलीला बाळ झालं. बाळाला बघायला निघालेले मालक आणि मालकीणबाई नटूनथटून माझ्यात बसले. मी दोनदा खोकले आणि गप्प झाले.

"तुमची राणी उभी, आणि मी पायी!" मालकीणबाई कडाडल्या. "उद्या भंगारवाल्याला बोलावते."

"अगं, तिला जरा वेळ दे."

"पाच महिने दिलात की!"

मालकांनी धावत जाऊन गॅरेजवाल्या ताईंना आणलं. ताईंनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"काका, पाच महिने ताट वाढून ठेवलंत. आंबणार नाही तर काय?"

"म्हणजे मिश्रण वाईट?"

"माझी नवी गाडी तेच पिते. रोज पळते, मजेत आहे. हिच्या नळ्या जुन्या, त्यात ही उभी. हिला बिनइथेनॉलचं घाला. महाग आहे, पण हिला पचेल. आणि चालवा हो!"

त्यांनी टाकी रिकामी केली, नळ्या बदलल्या, कार्बुरेटर धुतला, नवं पेट्रोल घातलं. तिसऱ्या प्रयत्नात मी सुरू झाले. मालकीणबाई आधीच आत बसल्या होत्या.

"बघत काय राहिलात? निघा. भंगारवाल्याचं नंतर बघू."

ताईंचे उपकार मी विसरणार नाही. मालकांचेही नाहीत, चुकीचं का होईना, ते प्रेमच होतं. परवा बाळाने माझ्या सीटवर दूध ओकलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी जुनं असेल, तर त्याला काय पचतं ते जाणकाराला विचारा. आणि मग नुसतं झाकून ठेवू नका. कुठेतरी घेऊन जा.