पेन्शनरांसाठी तीन खेळ

खेळ तीनच निवडायचे होते, आणि तेवढ्यासाठी सेंका आणि ओग्न्येन नऊ दिवस भांडत होते.

सेंकाचं किकिंदा गावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुकानाखालच्या तळघरात गेली सहा वर्षं त्यांचा व्हिडिओ गेमचा क्लब भरायचा. क्लब म्हणजे काय, चार जुने टीव्ही, एक फाटका सोफा आणि नऊ माणसं, सगळी तिशी-चाळिशीची. गावातली निम्मी मंडळी नोवी साद शहरात गेली, उरलेल्यांतली बरीचशी जर्मनीला. मागे राहिलेल्यांपैकी हे नऊ जण. पिठाच्या गिरणीत काम करणारा ओग्न्येन आठवडाभर कोणाशी चार शब्द बोलत नसे, पण गुरुवारी तळघरात उतरला की त्याची टकळी थांबत नसे. आता घरमालकाने घरच विकलं होतं आणि महिनाअखेर तळघर सोडायचं होतं. दुसरी जागा मिळाली नाही तर हे नऊ जण आपापल्या घरी बसणार. सेंकाला ओग्न्येनची खरोखरच काळजी वाटत होती. स्वतःचीही वाटत होती, पण ती तसं म्हणत नव्हती.

जागा होती. सांस्कृतिक भवनातला पेन्शनरांचा हॉल संध्याकाळी पाचनंतर रिकामाच असायचा. पेन्शनर संघाचे अध्यक्ष तोझाकाका. सेंकाने त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "तुम्ही तिथे काय करता ते आम्हाला कळत नाही. आधी दाखवा. मग आमची समिती हात वर करेल, नाहीतर नाही करणार."

समिती तीन जणांची, म्हणून खेळही तीन. तिघांनीही उभ्या जन्मात कंट्रोलर हातात धरलेला नव्हता.

"रक्त नको," सेंका म्हणाली.

"रक्त काढलं तर माझ्या यादीत उरतं काय?" ओग्न्येन म्हणाला. त्याची यादी त्रेसष्ट खेळांची होती.

"बारीक अक्षरं नकोत. घाई नको. आणि तुझा तो राक्षसाचा खेळ तर अजिबात नको. पहिल्या दरवाजापाशी चाळीस वेळा मरावं लागतं."

"चाळीस वेळा मेल्याशिवाय मजा कळत नाही!"

"त्यांचं वय बघ रे जरा."

असं होता होता यादी तिनावर आली, आणि दोघांनाही आपण फार हुशारी केली असं वाटलं. तोझाकाका सदतीस वर्षं रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, म्हणून त्यांच्यासाठी आगगाडी चालवायचा खेळ. नेदेल्कोसर गणिताचे, त्यांनी सेंकाला शाळेत दोनदा नापास केलं होतं. त्यांच्यासाठी वरून विटा पडतात आणि खाली नीट बसवायच्या असतात तो खेळ. आणि रादोयकामावशी जन्मभर पोस्टात टपाल वाटणाऱ्या, म्हणून त्यांच्यासाठी सेंकाने स्वतःचा लाडका खेळ काढला. एक जुनं गाव, त्यात हिंडायचं, घराघरांत शिरून किल्ल्या शोधायच्या आणि शेवटी बंद पडलेली पाणचक्की सुरू करायची. हा खेळ सेंका अकरा वेळा खेळली होती. त्यातला एकेक दगड तिला पाठ होता.

मंगळवारी चार वाजता दोघं दोन टीव्ही आणि वायरींची भेंडोळी घेऊन हॉलमध्ये घुसले. हातात सामान, त्यामुळे सेंकाने दार खांद्यानेच ढकललं. तिघं पत्ते खेळत बसले होते.

"नमस्कार, नमस्कार, तुम्ही चालू द्या," म्हणत सेंकाने बुद्धिबळाचं टेबल भिंतीकडे सरकवलं. भिंतीतला प्लग दूर होता, टीव्हीची वायर पुरेना. तिने कोपऱ्यातलं कपाट उघडलं, दोन खण उचकले, एक वायर सापडली ती ओढून काढली आणि कामाला लागली. तोझाकाकांनी नेदेल्कोसरांकडे पाहिलं. नेदेल्कोसरांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. सेंकाला यातलं काहीच दिसलं नाही. तिचं डोकं टीव्हीच्या मागे होतं.

सुरुवात अध्यक्षांपासून केली. पडद्यावर इंजिन आलं, हिरवी शेतं पळायला लागली. तोझाकाकांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि विचारलं, "ही गाडी कोणी काढली?"

"म्हणजे?"

"यार्डातून कोणी काढली? ब्रेक कोणी तपासले?"

"काका, खेळ इथूनच सुरू होतो. गाडी आधीच चालू असते."

"चालू गाडीत मी चढू? ब्रेक न तपासता?" तोझाकाकांच्या मिशा थरथरल्या. "सदतीस वर्षांत मी एकदाही असं केलं नाही, आणि आता पेन्शनीत करू? घे ते." त्यांनी कंट्रोलर ओग्न्येनच्या हातात कोंबला. "आणि तो सिग्नल बघ. लाल आहे. गेलास ना पुढे? आता तू कामावरून निलंबित."

माणसाला त्याचंच काम खेळायला दिलं की तो खूश होतो, ही समजूत फक्त खेळणाऱ्यांचीच असते. ज्याने ते काम केलंय त्याला त्यातल्या चुकाच दिसतात. सेंकाने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

नेदेल्कोसर मात्र विटा बऱ्या बसवत होते. ओठ आवळून, एकही शब्द न बोलता त्यांनी बारा ओळी भरल्या. सेंकाच्या जिवात जीव आला. मग विटा भराभर पडायला लागल्या, ढीग वर गेला आणि खेळ संपला.

"यात जिंकायचं कसं?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"जिंकायचं नसतं, सर. जमेल तेवढा वेळ टिकायचं."

"आणि शेवटी?"

"शेवटी... ढीग वरपर्यंत जातो."

"म्हणजे हरायचंच."

"हो, पण..."

"ते मी घरबसल्या करतोच आहे, पोरी. त्याला वीज कशाला जाळायची?"

तोझाकाका खो खो हसले, पण ते हसणं सेंकाच्या बाजूचं नव्हतं. तिला रडू यायला लागलं होतं. तिने ते गिळलं आणि तिसरा खेळ लावला.

रादोयकामावशींनी कंट्रोलर दोन्ही हातांत धरला, उकळत्या सुपाचा वाडगा धरावा तसा. त्यावरच्या एका दांडीने चालायचं आणि दुसरीने बघायचं, हे त्यांना काही केल्या जमेना. पाच मिनिटं त्या आकाशाकडे बघत कुंपणावर आदळत राहिल्या.

"मान खाली करा, मावशी."

"माझी मान खालीच आहे. पडद्यावरच्या त्या बाईची वर आहे!"

हळूहळू ती बाई सरळ चालायला लागली. गावातून चढाचा रस्ता जात होता, कडेला नासपतीचं झाड होतं, आणि वर एक घर.

"आता त्या घरात जा," ओग्न्येन म्हणाला. "दार उघडायचं, उजवीकडचं कपाट उघडायचं, किल्ली उचलायची, बाहेर. वीस सेकंदांचं काम."

रादोयकामावशी दारापाशी थांबल्या. "घर कोणाचं आहे?"

"एका म्हाताऱ्याचं. तो नुसता बसून असतो, काही करत नाही."

"म्हणजे घरात माणूस आहे, आणि मी सरळ आत जाऊन त्याचं कपाट उघडू?"

"सगळे तसंच करतात, मावशी."

"सगळे करत असतील. मी तीस वर्षं या गावात दारोदार हिंडले, दार वाजवल्याशिवाय एकदाही आत पाऊल टाकलं नाही." त्यांनी बाईला वळवलं. "आणि रिकाम्या हाताने तर नाहीच. दुकान कुठे आहे? कॉफी घेते."

"यात दुकानच नाहीये."

"कसलं गाव म्हणायचं हे!" त्या खरंच वैतागल्या. मग त्यांना नासपतीचं झाड आठवलं. उतार उतरताना दोनदा खड्ड्यात पडल्या, पण झाडापाशी पोचल्या आणि तीन फळं तोडली.

"ती दमल्यावर खायची असतात," ओग्न्येन कळवळून म्हणाला.

"तू दमलास तर तू खा."

परत घर. दार उघडायचं बटण दाबून धरावं लागतं. मावशींनी ते हलकंच दाबून सोडलं. टक् असा आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. हा आवाज सेंकाला माहीत होता. नीट न दाबल्यामुळे होणारी ती चूक आहे, असं सगळे खेळणारे धरून चालत. मावशी तिसऱ्यांदा दाबून थांबल्या. आणि दार आतून उघडलं.

सेंका खुर्चीतून अर्धी उठली. ते दार आतून कधीच उघडत नसे.

मावशींनी टेबलापाशी जाऊन, ओग्न्येनला विचारून विचारून, तिन्ही नासपती म्हाताऱ्यासमोर ठेवल्या. अकरा खेळांत जो म्हातारा एकदाही जागचा हलला नव्हता, तो उठला. चुलीपाशी गेला. कॉफीचं दांड्याचं भांडं चढवलं. पडद्याच्या खालच्या कडेला अक्षरं उमटली, आणि नेदेल्कोसरांनी ती वर्गात वाचावीत तशी मोठ्याने वाचली: "बस, पोरी. फार दिवसांनी कोणीतरी दार वाजवलं."

किल्ली त्याने स्वतःच कपाटातून काढून दिली.

 सेंकाच्या डोळ्यांना धार लागली. कुठेतरी कोणीतरी माणसाने बसून हे सगळं खेळाच्या आत घालून ठेवलं होतं, आणि दार वाजवणारं कोणी येतंय का, याची तो इतकी वर्षं वाट बघत होता. आणि आपण अकरा वेळा गेलो, अकराही वेळा कपाट उचकून पळालो.

"भला माणूस आहे," रादोयकामावशी म्हाताऱ्याकडे बघत म्हणाल्या. "एकटा पडलाय बिचारा."

"त्याला रीत तरी कळते," तोझाकाका म्हणाले. त्यांची नजर पडद्यावर नव्हती. सेंकाने ती कुठे आहे ते पाहिलं. कोपऱ्यातलं कपाट अजून सताड उघडं होतं, वरच्या खणातला टेबलक्लॉथ अर्धा बाहेर लोंबत होता. बुद्धिबळाचं टेबल भिंतीला चिकटलेलं, त्यावरच्या अर्धवट डावातला एक घोडा जमिनीवर पडलेला.

सेंकाचे कान तापले. दुसऱ्यांच्या घरी जागा मागायला ती आली होती, खांद्याने दार ढकलून. तिच्या आईने शेजारणीकडे मीठ मागायला जातानासुद्धा हातात काही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता.

तिने घोडा उचलून पटावर ठेवला. "हा कुठे होता, सर?"

"एफ तीनवर," नेदेल्कोसर म्हणाले. "टेबल मात्र खिडकीपाशी होतं."

तिने टेबल खिडकीपाशी नेलं. टेबलक्लॉथ घडी घालून आत ठेवला, कपाट लावलं, आणि "आलेच" म्हणून बाहेर पडली.

"गेली ही?" ओग्न्येन घाबरून म्हणाला. तीन म्हाताऱ्यांसमोर तो एकटाच उरला होता. काय बोलावं सुचेना, म्हणून तो नेदेल्कोसरांना म्हणाला, "सर, विटांमध्ये ना, लांब वीट येईपर्यंत एका कडेला जागा सोडायची असते."

"का?" सरांनी विचारलं, आणि ओग्न्येन सांगायला लागला.

कोपऱ्यावरच्या दुकानातून सेंकाने कॉफीचा पुडा आणि रातलुक मिठाईचा डबा घेतला. परत येऊन ती हॉलच्या बंद दारासमोर उभी राहिली. आतून ओग्न्येनचा आवाज येत होता, तळघरात यायचा तसाच, न थांबणारा. तिने दार वाजवलं.

"कोण आहे?" तोझाकाकांचा आवाज.

"मी. सेंका."

"कोण सेंका?"

"तुम्हाला ठाऊक आहे काका कोण ते."

"दार वाजवणारी सेंका आम्हाला ठाऊक नाही. बघू तर खरं. ये आत."

ती आत गेली. कॉफी आणि रातलुक तिने पत्त्यांच्या टेबलावर ठेवलं. कोणी आभार मानले नाहीत, कोणी हातही वर केला नाही. रादोयकामावशी अजून म्हाताऱ्याच्या घरातच होत्या, भांड्यातली कॉफी वर येते का ते बघत. तोझाकाकांनी पुडा उचलून नाकाला लावला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"गुरुवारी पाचला आम्ही निघतो," ते म्हणाले. "किल्ली जाताना घेऊन जा."

 सेंकाने मान डोलावली.

"आता उभी काय राहिलीस? पाणी ठेव." तोझाकाकांनी कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. "साखर कपाटात आहे, खालच्या खणात. घे तुझी तू."