तक्रार नसलेले फोन

चष्मेवाले आले की नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात पंख्यालाही घाम फुटायचा.

तसे ते तिघंच होते. एक घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. दुसऱ्या शिंपीणकाकू. आणि दोघांच्या पुढे चपला वाजवत चालणारी आत्या. गावात कुठलंही सरकारी काम उभं राहिलं की तिघंही एकदम चष्मे चढवायचे, म्हणून हे नाव. पायऱ्या असतील तर घड्याळजी त्या चढून-उतरून बघायचे. बाक असेल तर कुठे कापड अडकतंय का ते बघायला काकू त्यावरून हात फिरवायच्या. आत्याने मात्र उभा जन्म इस्पितळात सिस्टर म्हणून काढला होता, त्यामुळे ती फक्त बघायची. तिच्या त्या बघण्यानेच निम्मे वाकडे खिळे आपोआप सरळ होतात, असं खात्यातला शिपाई छातीठोकपणे सांगायचा.

आता गंमत अशी, की या आत्याची सख्खी भाची त्याच खात्यात नवी इंजिनिअर म्हणून लागली होती. आणि राहायचीही आत्याकडेच.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी आत्याने कायदा करून टाकला. उंबऱ्याच्या आत तू माझी भाची, उंबऱ्याबाहेर तू नगरपालिका. घरात “कार्टे, टॉवेल उचल” आणि ऑफिसात “अहो मॅडम, हे काय केलंय तुम्ही?” सकाळी स्वतःच्या हाताने डबा भरून द्यायचा आणि अकरा वाजता तिच्याच टेबलासमोर उभं राहून तिचीच बिनपाण्याने करायची, हे फक्त आत्याच करू जाणे. भाचीला सुरुवातीला रडू यायचं. मग राग यायला लागला. आणि मग एक भलतीच गोष्ट झाली: तिला चष्मेवाल्यांची सवय लागली. कागदावर रेघ ओढतानाच तिच्या मनात यायचं, इथे काकू हात फिरवतील, इथे घड्याळजी ठेचकाळतील.

तिचं पहिलं मोठं काम म्हणजे दवाखान्याच्या कोपऱ्यावरची बसथांब्याची शेड. आजारी माणसं तिथे उन्हातान्हात भिंतीला टेकून उभी असायची, हे ती लहानपणापासून बघत आलेली. शेड उभी राहायला लागली तशी आत्याने नगरपालिकेच्या तक्रार-फोनवर झोड उठवली. बाक उंच आहे. छपराचं पाणी मांडीवर गळतं. खांब असा मधोमध उभा आहे की येणारी बस दिसत नाही. दर वेळी भाची दात-ओठ खायची, जाऊन बघायची आणि दर वेळी आत्याचंच बरोबर निघायचं. मग बाक खाली आला, छपराला पन्हळ लागली, खांब सरकला. शेड झाली. चष्मेवाले आले, बसले, उठले आणि काही न बोलता निघून गेले.

भाची त्या रात्री जेवताना ताटावर नजर ठेवून वाट बघत बसली. आत्या म्हणाली, “भाजी घे अजून.” बस, एवढंच. भाची शाळेत पहिली आली तेव्हाही आत्या म्हणाली होती, अक्षर सुधार. कौतुक केलं की माणूस सैलावतो, असं तिचं ठाम मत होतं, आणि त्या मतापुढे देवाचंही काही चाललं नसतं.

आठवडा होतो न होतो तोच साहेबांनी भाचीला बोलावून घेतलं. त्या भागाच्या नगरसेवकांनी ठराव आणला होता. दवाखान्याच्या कोपऱ्यावरची शेड उचलून पलीकडच्या चौकात न्यायची. नागरिकांच्या सततच्या तक्रारींमुळे, असं त्यात लिहिलं होतं. पलीकडच्या चौकात नगरसेवकांच्या मेव्हण्याची नवीकोरी दुकानं होती, ते मात्र लिहिलेलं नव्हतं. सोमवारच्या सभेत ठराव मंजूर झाला की शेड उखडायचं काम कुणी करायचं? जिने बांधली तिने.

भाचीने घरी येऊन पिशवी आदळली आणि कायदा मोडला.

“तुझ्याच तक्रारी आहेत सगळ्या,” ती म्हणाली. “मी एकूण एक दुरुस्त केली. दुरुस्त झालं म्हणून एकदा तरी फोन केलास?”

आत्या बराच वेळ ओटा पुसत राहिली. स्वच्छच ओटा.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींच्या दुकानात चष्मेवाल्यांची बैठक बसली. तक्रारी जर फोनवर गेल्या, तर समाधानही फोनवरच गेलं पाहिजे, असं घड्याळजींचं म्हणणं पडलं. तिघांनी फोन केलेच, वर शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, दवाखान्यातून लंगडत बाहेर पडणारी माणसं, सगळ्यांना कामाला लावलं. शेड चांगली आहे, हलवू नका. दोन दिवस फोन खणाणत होता. काकू तर म्हणाल्या, चांगलं बोलायची सवय नाही हो, जिभेला गोळे आले.

सोमवारी सभागृह भरलं. चष्मेवाले लोकांसाठीच्या बाकड्यावर पहिल्या रांगेत, भाची साहेबांच्या मागे फायली धरून. नगरसेवक उठले आणि त्यांनी हसतहसत सांगितलं, की गेल्या दोन दिवसांत तर या शेडच्या तक्रारी तिप्पट झाल्या आहेत.

घड्याळजींचा चष्मा नाकावरून घसरला.

झालं होतं असं, की तक्रार-फोन घेणाऱ्या ताई ज्या यंत्रात नोंद करायच्या, ते यंत्र येणारा प्रत्येक फोन ही तक्रारच समजायचं. पाणी, कचरा, रस्ते, दिवे, आणि कशातच न बसणारं सगळं ‘इतर तक्रारी’त. गावाने भरभरून केलेलं कौतुक सरळ तिथे जाऊन पडलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आत्या उठून उभी राहिली. आम्ही चांगलं सांगायला फोन केले होते, असं तिने सांगितलं. नगरसेवकांना तर तेच हवं होतं.

“सांगणारच तुम्ही,” ते म्हणाले. “भाची आहे ना तुमची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.”

सभागृहात खसखस पिकली. भाचीला वाटलं, पायाखालची फरशी उचलावी आणि खाली जाऊन बसावं. आत्याने आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट होती, तिच्या शब्दाची किंमत, आणि ती आज आपल्यापायी मातीमोल होत होती.

तेवढ्यात मागून फोनवरच्या ताई बोलल्या. तक्रार-फोन घेणाऱ्या त्याच. सगळे फोन साठवलेले असतात, म्हणाल्या, अध्यक्षबाईंची परवानगी असेल तर ऐकवते.

“त्याची काही गरज नाही,” आत्या घाईघाईने म्हणाली. भाचीने तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पण अध्यक्षबाईंनी मान हलवली होती. आधी जुने फोन लागले. आत्याचा आवाज सभागृहात घुमला: “बाक एवढा उंच? गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने काय उडी मारून बसायचं? कोण ती इंजिनिअर, तिला म्हणावं स्वतः बसून बघ.” मग पुढचा: “छपराचं पाणी नेमकं बसणाऱ्याच्या मांडीवर पडतं. तुमच्या मॅडमचा नेम चांगला आहे, कामाचं बघा.” लोक पोट धरून हसायला लागले. साहेबही तोंड फिरवून हसले. भाचीला पाठीशी घालणारी आत्या अशी असते, हे कुणाच्या बापाला पटलं नसतं. नगरसेवक हळूच खाली बसले.

मग शेवटचा फोन लागला. यात आवाज बारीक होता, दाराआडून केल्यासारखा.

“शेडबद्दल बोलायचंय. आज पायाला प्लास्टर घातलेल्या एक बाई कुणाचा हात न धरता बसल्या आणि उठल्या. मी समोर उभी राहून बघितलं. खोट शोधली. सापडली नाही.”

“मग तक्रार काय लिहू, सिस्टर?” ताईंचा आवाज.

आत्याचा आवाज आणखी बारीक झाला.

“लिहा की, ज्या पोरीने ही बांधली ती झोपेतसुद्धा मापं पुटपुटते. आणि तिच्या घरचे तिला एका शब्दाने कधी चांगलं म्हणत नाहीत. तक्रार तिच्या घरच्यांविरुद्ध लिहा. आणि हे तिला कळू देऊ नका.”

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. भाचीच्या हातातल्या फायली मात्र सगळ्याच पडल्या, आणि त्या गोळा करायच्या निमित्ताने ती टेबलाखाली बराच वेळ होती.

शेड आहे तिथेच राहील, असं अध्यक्षबाईंनी जाहीर केलं, आणि पुढचा विषय घेतला.

संध्याकाळी आत्या आणि भाची दवाखान्याच्या कोपऱ्यावर शेडमध्ये जाऊन बसल्या. दोघींनाही एकमेकींकडे बघायचं नव्हतं, म्हणून दोघी रस्त्याकडे बघत होत्या. आत्या एकदा म्हणाली, असं चारचौघांत ऐकवायची काय रीत झाली. भाची म्हणाली, हो ना. मग आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

बस आली. ड्रायव्हरने दोघींना ओळखून दार उघडलं. आत्याने त्याला हातानेच पुढे जायला सांगितलं.