तळघरातला शोध्या

मित्रांनो, मी एक जुना शोधक प्रोग्राम आहे. मला चेहरा नाही, बटणं नाहीत. संगणकाच्या काळ्या पडद्यावर माझं नाव आणि पुढे एखादा शब्द टाइप केला, की प्रोग्रामिंगच्या भाषेच्या माहितीपुस्तकातलं नेमकं पान मी काढून देतो. मला सगळे शोध्या म्हणतात.

मला थोरल्या ताईने घडवलं, ते तिच्या धाकट्या बहिणीसाठी. धाकटीला पाणीपुरवठा केंद्रात प्रोग्रामरची नोकरी लागली. तिथली यंत्रखोली तळघरात. खिडकी नाही, इंटरनेट नाही, मोबाइलसुद्धा वरच्या दाराशी ठेवून यायचं.

"अडलं तर कोणाला विचारू गं?" धाकटी रडकुंडीला आली.

थोरलीने जेवणाच्या टेबलावर बसून मला लिहिलं आणि अख्खं माहितीपुस्तक माझ्या पोटात भरलं. केंद्राच्या साहेबांची परवानगी काढून धाकटीने मला आत नेलं. पुढे नियम कडक झाले. बाहेरचं काही आत येईना, आणि मी तिथेच अडकलो.

सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. धाकटी विचारायची आणि पापणी लवायच्या आत मी पान पुढे करायचो. "शोध्या, तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं," ती म्हणायची. मी फुशारून जायचो. बाहेर भाषा बदलत होती, जुन्या आज्ञा जाऊन नव्या येत होत्या, हे त्या बंद खोलीत मला कोण सांगणार?

मग साहेबांनीच मागवलेला नवा संगणक खोलीत आला. त्यावर भाषेची नवी आवृत्ती होती. मला मात्र जुन्या पानांसकट उचलून त्यात ठेवलं. दुसऱ्याच दुपारी पाणी सोडणारा प्रोग्राम बंद पडला, कारण त्यातली एक जुनी आज्ञा नव्या आवृत्तीला कळेना. व्हॉल्व्हचं हाताने फिरवायचं चाक गंजून बसलेलं. रुग्णालयाची टाकी भराभर उतरू लागली.

धाकटीने मला विचारलं. मी पान दिलं. तिने तसंच लिहिलं, पण संगणकाने ते धुडकावलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच पान दिलं.

"अरे, हे नको! नवं सांग ना!"

माझ्याजवळ असतं तर दिलं नसतं का? मला तर 'माहीत नाही' एवढंही बोलता येत नव्हतं.

"साहेब, ताईला एक फोन करते."

"फोन आत आणायचा नाही. नियम म्हणजे नियम."

"मग मी बाहेर जाते!" म्हणत ती जिना चढून पळाली.

परतली ती धापा टाकत, एकच शब्द पाढ्यासारखा घोकत. तिने तो टाइप केला. व्हॉल्व्ह उघडला आणि पाइपातून पाणी घुमत निघालं. ती खुर्चीत मटकन बसली आणि तोंड झाकून रडली.

"निदान शोध्याला तरी नवी पानं द्या," तिने नंतर कितीदा विनवलं. साहेब बधले नाहीत. शेवटी तिने दुसरीकडे नोकरी धरली. जाण्याच्या दिवशी तिने माझ्यात एक पान हाताने टाइप केलं. त्यात तो नवा शब्द होता, त्याचा उपयोग होता आणि खाली लिहिलं होतं, "ताईने सांगितलं."

मी अजून त्याच तळघरात आहे. नवे लोक विचारतात, जुनं उत्तर पाहून तोंड वाकडं करतात. त्यांचं चुकत नाही. मित्रांनो, एवढंच मागणं आहे: ज्याच्यावर भरवसा ठेवता, त्याला कोंडून विसरू नका. अधूनमधून दार उघडा, नवं काही आत येऊ द्या. माझ्या पोटात हजारो पानं आहेत. त्यातलं नवं एकच, आणि तेही एका मुलीने धावत, तोंडात धरून आणलेलं.