आइराच्या आईला शाळेत बोलावलं

सोल्वीची मुलगी आपल्या वर्गात येणार हे कळलं, तेव्हापासून तोरुन टपून बसली होती. फ्योर्डच्या खाडीकाठच्या याच शाळेत सोल्वीने तिला वर्षानुवर्षं छळलं होतं. तोरुनचा बाप मासळीच्या कारखान्यात, म्हणून तिला 'खारी' म्हणायची. भर बर्फात तिचे बूट लपवायची. कुणी तिच्या शेजारी बसलंच, तर त्यालाही सोडायची नाही. तोरुनने तक्रार केली तेव्हा मास्तर म्हणाले होते, "पोरीपोरींची भांडणं ती. होतात."

आता तोरुन स्वतः तिथे शिक्षिका होती. आणि आज मधल्या सुट्टीत बर्फावरच्या घसरगाडीवरून जुंपली, सोल्वीच्या आइराने वर्गातल्याच माइकेनला ढकललं आणि माइकेनचा ओठ फुटला. तोरुनने लगेच सोल्वीला बोलावून घेतलं.

सोल्वी पटांगणात आइराला विचारून धापा टाकत आली. तोरुनने तिला कॉफीसुद्धा विचारली नाही.

"छळाची तक्रार करावी लागेल," ती म्हणाली. "मग चौकशी होईल. गाव लहान आहे, तुला माहीतच आहे."

"छळ कसला? माइकेननेही आइराचे केस ओढले ना. एकमेकींशिवाय करमत नाही त्यांना."

"मग छळ म्हणजे काय? तूच सांग."

"रोज उठून एकाच पोरीच्या मागे लागायचं," सोल्वी तावातावाने बोलत सुटली. "तिला उलटून बोलता येत नाही, तिच्या बाजूने कुणी नाही, हे बघूनच..." ती थांबली. तिचा चेहरा उतरला.

"पुढे?"

"तोरुन, लहान होतो गं आपण."

"आइराएवढ्या. पुढे बोल."

"तिला शाळेत यायची भीती वाटते," सोल्वी पुटपुटली.

"मला उलट्या व्हायच्या. शाळेला निघायच्या आधी."

सोल्वीची पाठ खिडकीकडे होती. बाहेर आइरा आणि माइकेन एकाच गाडीवर बसून खिदळत उतार उतरत होत्या. तोरुनला ते केव्हापासून दिसत होतं. तिने सोल्वीला तसंच बसू दिलं, तिचे डोळे भरून येईपर्यंत.

"हे साधं भांडण आहे," मग ती म्हणाली. "तक्रार करणार नाही मी."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"तुला कळतं का, ते बघायचं होतं."

सोल्वी मान खाली घालून निघून गेली. तोरुनच्या जिवाला गार वाटलं. घरी जाताना मात्र तिला राहून राहून वाटत होतं, सोल्वीची ती अवस्था बघायला मुख्याध्यापकांनाही समोर बसवायला हवं होतं.