डावीकडचा कल

जोड तिरपा होता. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीन दशांश मिलिमीटरचा कल, तोही डावीकडे. नुसत्या डोळ्यांना तो दिसला नसता. तिने आकडा वहीत लिहिला आणि पुढचा जोड भिंगाखाली सरकवला. तोही डावीकडेच. या चित्रपटात फिल्मचे तुकडे चिकटवलेले एकशे बेचाळीस जोड होते आणि हा शेवटून दुसरा.

चित्रपट तिच्या आजोबांचा. देशात चित्रपट मुके होते तेव्हा ज्या मोजक्या लोकांनी ते काढले, त्यांतले ते एक. जुन्या फिल्म वाचवणाऱ्या या प्रयोगशाळेची ती प्रमुख, त्यामुळे आजोबांचे उरलेले सहाही चित्रपट एकेक करून तिच्याच टेबलावर आले होते. हा सहावा; आधीच्या पाचांतही प्रत्येक जोड डावीकडेच कलला होता.

पहिल्या चित्रपटाच्या अहवालात कलाची नोंद तिनेच केली होती. मामांनी त्या नोंदीचं सोनं केलं. आजोबांवरच्या पुस्तकात त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं : तिरपा जोड ही वडिलांची सही, फिल्मला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. त्याच प्रकरणात तिच्या आईच्या वाट्याला एक ओळ आली होती. ‘थोरली बहीण फिल्म गुंडाळायच्या रिकाम्या चकत्या पुसायची.’

पुस्तक छापून आलं तेव्हा आईला जाऊन महिना झाला होता.

आई डावखुरी होती. आजोबांनी छडी उगारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नव्हता. घरात मात्र सुरी, कात्री, सगळं डाव्या हातात. चौदाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत वडिलांचे चित्रपट तीच कापत होती, तीच जोडत होती. जोडण्याआधी फिल्मवरचा थर पात्याने खरवडावा लागतो. ते पातं डाव्या हाताने ओढलं की जोड डावीकडे कलतो, उजव्याने ओढलं की उजवीकडे. लेकीने प्रयोगशाळेत दोन्ही हातांनी शंभर-शंभर जोड करून खात्री केली होती. आजोबा उजव्या हाताचे होते, हे मामांच्याच पुस्तकातल्या फोटोंवरून कळत होतं.

“भांडू नकोस गं त्याच्याशी,” आई म्हणायची. “माहेर म्हणून तेवढा एकच उरलाय मला.”

आई गेली आणि ते बंधनही गेलं. तरी ती नऊ वर्षं गप्प राहिली. एका चित्रपटावरून बोलली असती तर मामांनी ते हसण्यावारी नेलं असतं. सहाच्या सहा हातात येऊ देत, मग बघते. दरम्यान मामा भाषणाभाषणांतून ती सही मिरवत राहिले आणि ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिली. मामा जितके खोल रुतत होते, तितकी तिची घाई कमी होत होती.

शेवटचा आकडा वहीत चढला आणि मामा दार ढकलून आत आले.

“काय शास्त्रज्ञबाई, आटपलं का?”

“आत्ताच.”

“मग कर सही. उद्या तुझ्या आजोबांच्या नावाच्या सभागृहाचं उद्घाटन, पाटीखाली तुझं प्रमाणपत्र लावायचंय.”

मजकूर त्यांनीच टाइप करून आणला होता. सर्व जोड दिग्दर्शकांच्या स्वतःच्या हातचे.

“नक्की ना, मामा? दुसऱ्या कुणाचाच हात लागला नव्हता?”

“अगं, किती वेळा सांगू? छापलंय मी तसं!”

“आणि आई?”

“ताई?” मामा खळखळून हसले. “तिला फिल्मची सुलटी बाजू कुठली तेसुद्धा कळायचं नाही. चकत्या पुसायची, त्यातल्याही दोन-चार फोडायची!”

तिने पेनाला टोपण लावलं.

“मी सही करणार नाही, मामा. उद्या मी व्यासपीठावर येणार आहे. तुमचं पुस्तक हातात धरून माईकवर सांगणार आहे, की हे सहाही चित्रपट माझ्या आईने कापले. तुम्ही तेव्हा पहिल्या रांगेत बसायचं.”