दोन विहिणींचं ‘चालेल’

गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून, अंगावरचा नवा कपडा इकडून तिकडून बघून ‘चालेल’ म्हणालं, की मी काय ते समजते. कुठेतरी काचतंय. काखेत असेल, मानेशी असेल, पण बाई सांगणार नाही. मुकाट्याने कपडा घेऊन जाईल, कपाटात टाकेल आणि पुढच्या वेळी दुसरीकडे शिवायला देईल. याउलट ‘इथे घट्ट, तिथे ढगळ, ही बाही कुणी लावली हो?’ असं म्हणून डोकं खाणारं गिऱ्हाईक तोच कपडा विटेपर्यंत वापरतं. सगळं आयुष्य शिलाई मशीनवर घालवलं, त्यातून एवढं शहाणपण मला नक्की आलं आहे.

म्हणून जावयाच्या आईने, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, फोनवर ‘चालेल’ म्हटल्याचं कळलं तेव्हाच मी ओळखलं, इथेही कुठेतरी काचतंय.

विषय असा होता. लेक-जावयाला भाड्याचं घर बदलायचं होतं आणि दोन घरं समोर होती. एक लहान, दोघांपुरतं, ऑफिसाजवळ. दुसरं जरा लांब, पण एक जादा खोली असलेलं. त्या खोलीत दोन खाटा टाकायच्या आणि दोन्ही आयांनी कायमचं राहायला यायचं, असा पोरांचा बेत. मी एकटी, विहीणबाईही एकट्या. दोघींचेही नवरे आम्हाला मागे ठेवून पुढे गेलेले. पोरांनी दोघींना वेगवेगळं विचारलं आणि दोघीही ‘चालेल’ म्हणालो.

खरं सांगते, मला यायचं होतं. फार यायचं होतं. घरात दिवसदिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. मध्यंतरी दोरा तुटला म्हणून मशीनला चार शिव्या हासडल्या आणि घरात माणसाचा आवाज ऐकून मीच दचकले. पण मुलाची आई आधी, मुलीची नंतर. विहीणबाईंच्या मनात नसेल तर मी तिथे कोणत्या तोंडाने बिछाना पसरणार? आणि त्यांच्या मनात काय आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. जन्मभर त्या इस्पितळातल्या चौकशीच्या खिडकीत बसल्या. समोरच्याने कितीही आरडाओरडा केला तरी उत्तर मधात बुडवूनच द्यायच्या. नोकरी संपली, पण मध काही उतरला नाही.

तर आम्ही दोघी शहर बघण्याच्या निमित्ताने पोरांकडे आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पायात बूट घालता घालता म्हणाली, “आई, कुठलं घर ते आज रात्री घरमालकाला सांगायचंय. दिवसभर दोघी मिळून फिरा, कुठेतरी मस्त जेवा आणि संध्याकाळी काय ते सांगा.”

“आणि जरा बोला एकमेकींशी,” जावई म्हणाला.

“चालेल,” आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

पहिल्यांदा घड्याळाचा मनोरा लागला. बाहेरून आलेला प्रत्येक माणूस म्हणे तिथे चढतोच. आत दगडी गोल जिना, मधूनमधून हाताएवढी खिडकी.

“वर जायचं?” विहीणबाईंनी विचारलं.

माझे गुडघे ‘मुळीच नाही’ म्हणाले. मी म्हणाले, “तुमची इच्छा असेल तर चालेल.”

“माझं काही नाही हो, मला चालेल.”

चढलो. प्रत्येक वळणावर मी गुडघ्यांची माफी मागत होते. वर पोचलो तर सगळं शहर पायाशी: छपरं, नदी, नदीवरचे पूल, खेळण्यातल्यासारख्या गाड्या. कौतुकाने वळून बघते तर विहीणबाई भिंतीला पाठ लावून, हाताने खांब आवळून, डोळे घट्ट मिटून उभ्या.

“किती सुंदर दिसतंय, नाही?” त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

“हो ना,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खाली उतरेपर्यंत पोटात कावळे कोकलायला लागले. मनोऱ्यामागची अख्खी गल्ली खाण्याची. पहिल्याच टपरीवर एक दांडगा माणूस पसरट तव्यावर बटाट्याचे काप कांद्याबरोबर परतत होता आणि वर अंडी फोडत होता. कडा खरपूस झालेल्या, वास असा की पाय आपोआप थांबले. बसायला मात्र उंच स्टुलं आणि बशी हातात धरूनच खायचं. माझा जीव तिथेच अडकला. पण शेजारी विहीणबाईंचे परीटघडीचे कपडे दिसले आणि मी म्हणाले, “इथे तुम्हाला नाही आवडायचं.”

“छे हो, चालेल की. पण ही उंच स्टुलं, तुमचे गुडघे...”

“माझं काय, मला कुठेही चालेल.”

“मग पुढे बघू या?”

“चालेल.”

पुढे नूडल्सचं दुकान आलं. त्यापुढे ताज्या पावाची भट्टी. त्यापुढे एक आजीबाई मोठ्या पातेल्यातून वाफाळता रस्सा-भात वाढत होती. प्रत्येक ठिकाणी त्या विचारायच्या, मी चालेल म्हणायची, मी विचारायची, त्या चालेल म्हणायच्या आणि आम्ही पुढे सरकायचो. ‘चालेल, चालेल’ म्हणत आम्ही नुसत्या चालतच राहिलो.

मग संग्रहालय. तिथे जायचं कारण एवढंच की ते उघडं होतं आणि नाही म्हणायला दोघींपैकी एकीचीही जीभ वळली नाही. एका दालनात कुठल्याशा जुन्या राजाचं जेवणाचं टेबल मांडलेलं होतं. चांदीची ताटं, चमच्यांच्या रांगा आणि मधोमध लाकडाचा, पण हुबेहूब भाजल्यासारखा रंगवलेला पक्षी. त्या पक्ष्यासमोर आम्ही बराच वेळ उभ्या होतो. रखवालदार जवळ येऊन म्हणाला, “बाई, हात लावायचा नाही.” मी लावत नव्हते. विहीणबाई लावत होत्या.

शेवटी नदीकाठच्या एका चकचकीत हॉटेलात शिरलो. मला वाटलं, यांना असलंच आवडत असेल. त्यांना वाटलं, मला लेकीने हेच सुचवलं असेल. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, कुजबुजत बोलणारे वेटर. आमच्या वेटरने जे जे सुचवलं त्याला आम्ही चालेल म्हटलं. आलं ते हिरवं, थंडगार सूप. परातीएवढ्या बशीत मधोमध चार चमचे.

“छान आहे,” मी म्हणाले.

“हलकं आहे,” विहीणबाई म्हणाल्या.

बाहेर येऊन नदीकाठच्या बाकावर टेकलो. पाय चपलांत मावत नव्हते. पोरांनी ‘बोला’ म्हणून सांगितलं होतं आणि सकाळपासून एका शब्दापलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं. तेवढ्यात विहीणबाई मध घोळवत म्हणाल्या, “पलीकडे गुलाबांची बाग आहे म्हणे. थोडा चढ आहे. पण तुम्हाला चालत असेल तर...”

“नाही चालणार!”

मी ओरडले. समोरची कबुतरं फडफडत उडाली.

“नाही चालणार मला! बाग नको, चढ नको. सकाळपासून भुकेने जीव चाललाय माझा आणि खायला काय, तर गवताचं पाणी! गुडघ्यांचा भुगा झाला. त्या मनोऱ्यावर मला जायचंच नव्हतं!”

बोलून गेले आणि वाटलं, आता धरणीने पोटात घेतलं तर बरं.

“अगं, मग सकाळीच का नाही बोललीस?” विहीणबाई म्हणाल्या. आवाजात मधाचा थेंब नव्हता. लगेच त्यांनी जीभ चावली. “म्हणजे... बोलला का नाहीत तुम्ही?”

विहिणी-विहिणींमधलं अहो-जाहो मरेपर्यंत सुटत नसतं. पण ते चुकून निसटलेलं ‘अगं’ मला इतकं बरं वाटलं की माझा राग अर्धा तिथेच उतरला.

“आणि तुम्ही हो?” मी म्हटलं. “तुम्ही तर वर डोळेसुद्धा उघडले नाहीत.”

“मला उंचीची भीती वाटते. खुर्चीवर चढून बल्बही बदलत नाही मी.” मग हळूच म्हणाल्या, “आणि मला तो बटाटेवाला हवा होता.”

“मलाही!”

“मग बसलात काय? चला.”

अख्खी गल्ली उलटी तुडवत त्या माझ्या पुढे निघाल्या. माझे गुडघेही कुरकुरले नाहीत. त्या उंच स्टुलांवर आम्ही एकमेकींना ढकलून चढवलं आणि बटाटे असे खाल्ले की टपरीवाल्याने न सांगता दुसरी बशी पुढे केली. विहीणबाईंच्या परीटघडीवर तेलाचा डाग पडला. “पडू दे, निघतो सोड्याने,” त्या म्हणाल्या. शेवटचा खरपूस काप राहिला, तेव्हा मी सवयीने ‘तुम्ही घ्या’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी तो उचललाही होता.

चावता चावता त्या म्हणाल्या, “आता सगळंच सांगते. ती एक खोली. मला खिडकी सताड उघडी लागते. पहाटे रेडिओ लागतो. आणि तुम्ही घोरता. काल रात्री ऐकलंय मी.”

पोटातलं शेवटी ओठांवर आलं होतं. त्यांच्या त्या ‘चालेल’चा अर्थ मी तेव्हाच बरोबर ओळखला होता.

पण गप्प बसेन तर ती मी कसली? “मला वाऱ्याने मान धरते,” मी म्हटलं. “माझी मशीन खडखडते आणि ती मी टाकणार नाही. आणि घोरण्याचं मला काय सांगता? तुम्ही झोपेत बोलता. ‘पलीकडच्या खिडकीत चौकशी करा’ म्हणून मला दोनदा हाकललंत काल.”

विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. मीही हसले. घरी परतताना बसमध्ये मात्र मन खट्टू झालं. संध्याकाळी काय सांगायचं, हे त्यांना विचारावंसं वाटत होतं, विचारलं नाही. हातात आलेली मजा मला इतक्यात सांडायची नव्हती.

संध्याकाळी जेवायला बसलो. जावयाने पहिला घास खाऊन विचारलं, “मग? दोघींना चालेल ना ती खोली?”

“नाही चालणार,” विहीणबाई म्हणाल्या.

लेकीचा चेहरा पडला. मी ताटाकडे बघत राहिले. मला माझं घर दिसत होतं. मशीन, खुर्ची आणि न बोलणाऱ्या भिंती.

“आहे तशी नाही चालणार,” विहीणबाई पुढे म्हणाल्या. “खिडकीजवळची खाट मला. मध्ये जाड पडदा हवा, म्हणजे यांच्या मानेला वारा लागणार नाही. आणि माझा रेडिओ संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.”

मी मान वर केली. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, एकेक बोट मुडपत मोजत होत्या. इथे घट्ट. तिथे ढगळ. हे गिऱ्हाईक कपडा घेऊन जाणार होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी आवाज चढवला.

“रेडिओ हळू लावायचा,” मी म्हटलं. “आणि पडदा मी शिवणार. दुकानातून आणलात तर याद राखा.”

“शिवा ना. रंग मी निवडणार.”

“तुम्हाला काय कळतंय रंगातलं?”

“तुमच्यापेक्षा जास्त!”

लेक टेबलाखालून जावयाला पायाने ढोसत होती. तो बिचारा घाईघाईने म्हणाला, “बरं बरं, भांडू नका. आपण लहानच घर घेऊ. आम्हाला काय, ते पण चालेल...”

“लहान कशाला? मोठंच घ्यायचं,” विहीणबाईंनी त्याला मध्येच तोडलं. “आणि तो शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस. चिडते ही.”

मी वाट बघितली. या वेळी त्यांनी जीभ चावली नाही.