हार घातलेला चार्जर

मित्रांनो, मी एक तीन वर्षांचा म्हातारा आहे. विजेच्या गाड्यांमध्ये वीज भरणारा चार्जर. बुलढाण्याच्या वाटेवरच्या एका लहानशा शहरात, एसटी स्टँडसमोर उभा असतो. हसू नका. ज्याने जन्मात एकच दिवस काम केलं, त्याला म्हातारपण लवकर येतं.

तो दिवस उद्घाटनाचा. माझी विजेची जोडणी व्हायची होती, पण पाहुण्यांची तारीख ठरून गेली होती. मग मंडपवाल्याचा जनरेटर आणून माझ्या पाठीमागे लावला. माझा हिरवा दिवा लागला, नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि मी एका पांढऱ्या गाडीत वीज भरली. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला. संध्याकाळी जनरेटर एका लग्नाला गेला, तो गेलाच. जोडणी अजून यायची आहे. मोबाइलच्या नकाशावर मात्र मी त्या दिवसापासून ‘चालू’ आहे.

शेजारी अन्नपूर्णाबाईंची चहाची टपरी आहे. त्या माझ्या वीज भरायच्या नळीवर ओलं फडकं वाळत घालतात. तेवढाच माझा उपयोग.

दर खंडेनवमीला मात्र, ज्या कार्यालयाने मला इथे बसवलं तिथला शिपाई भागवत येतो. मला पुसतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो आणि फोटो काढून नकाशावर टाकतो. अवजाराची पूजा चुकवायची नाही, हा आपला रिवाज. भागवत मनाचा चांगला आहे. मला त्याचा राग येत नाही.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, एक गाडी रखडत माझ्यापाशी आली. चालवत होता प्रसेनजित. शेजारी त्याची धाकटी बहीण रेणुका, मांडीवर कागदपत्रांची फाईल. तिची नर्सच्या जागेसाठी निवड झाली होती. पाचच्या आत बुलढाण्याला कागद दाखवायचे होते आणि आजचा दिवस शेवटचा होता. प्रसेनजितने माझी नळी गाडीला लावली. काढली, पुन्हा लावली.

“बंद हाय बापू तो,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “तीन सालांपासून बंद हाय.”

“बंद काऊन असन मावशी?” रेणुकाने मोबाइल पुढे केला. “हा पाहा, परवाचा फोटो हाय. ताजा हार हाय, कुंकू हाय. बंद मशीनले कोणी हार घालते काय?”

अन्नपूर्णाबाई फोटोकडे पाहत राहिल्या. “घालते वं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “आमच्या इथं घालते.”

त्यांनी टपरीतून वायर ओढून दिली. पण त्या वायरने गाडी भरायला रात्र लागली असती. एसटी नुकतीच गेली होती, पुढची सव्वाचारला. प्रसेनजित रस्त्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत राहिला. कोणी थांबलं नाही. शेवटी रेणुका सव्वाचारच्या एसटीत चढली. मी पोटात वीज नसलेला, नुसता बघत राहिलो.

सहा वाजून गेल्यावर ती परत आली.

“दहा मिनिटं दादा,” ती म्हणाली. “फक्त दहा मिनिटं उशीर झाला. कुलूप लावून राह्यले होते.”

रेणुकाने माझ्या गळ्यातला हार काढला. फेकला नाही; बाजूच्या लिंबाच्या बुडाशी ठेवला. मग टपरीच्या पाटीजवळचा खडू घेऊन माझ्या छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बंद आहे’. मित्रांनो, माझ्याबद्दल कोणी खरं लिहिण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर आलेल्या भागवतने ते पाहिलं आणि पुसलं.

“काऊन पुसतं रे?” अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

“साहेबांनं पाह्यलं तं मलेच बोलतीन,” तो म्हणाला आणि नवा हार घालून गेला.

मला दुरुस्त करा, असं मी आता म्हणत नाही. ती आशा मी सोडली. फक्त माझ्यावर ‘बंद आहे’ एवढं लिहा. कोणी पुसलं तर पुन्हा लिहा. आणि जरा लवकर लिहा. समोरून एक गाडी माझ्याकडे वळते आहे, आणि माझ्या गळ्यात ताजा हार आहे.